आजोबांची बाजू कोणी मांडायची

थोरलीला यातलं बरंचसं ठाऊक आहे, धाकट्याला काहीच नाही. दोघांसाठी एकच लिहायचं, म्हणून थोरलीविषयी मी 'ती' असं लिहिणार आहे. तिने रागावू नये. ती माझ्यावर रागावली होती तेव्हा तो तिचा हक्कच होता. तो राग कशाचा, हे धाकट्याने पुढे कुणाच्या तरी तोंडून अर्धवट ऐकण्यापेक्षा माझ्याकडून नीट वाचावं.

तुमचे आजोबा आणि ती यांचं भांडण नऊ वर्षं चाललं होतं. विषय एकच: बर्फावरच्या हॉकीत सगळ्यांत मोठा गोल करणारा कोण. आम्ही तुमच्याकडे कॅनडात पहिल्यांदा आलो ते हिवाळ्यात, ही आमची चूक. मालवणच्या माणसाला चार महिने दार उघडं टाकून बसता येऊ नये म्हणजे काय, ते तुम्हाला कळणार नाही. मी तुमच्या आईची कपाटं लावली. आजोबांचं आयुष्य सरकारी कचेरीतून रस्ते मोजत हिंडण्यात गेलेलं, त्यांना घरात मोजायला काही नव्हतं. ते सात वर्षांच्या नातीशेजारी टीव्हीसमोर बसले आणि काळी चकती कुठे जाते ते दिसत नाही म्हणून कुरकुरू लागले. ती बोटाने दाखवी. महिन्याभरात त्यांना चकती दिसू लागली. दोन महिन्यांत ते पंचांना मालवणीत शिव्या देऊ लागले, आणि त्यातल्या दोन ती शाळेत घेऊन गेली.

शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनी आजोबांना संगणकावर जुने सामने लावून दाखवले. त्यात आजोबांना त्यांचा माणूस सापडला. त्याचे विक्रम कुणी मोडणार नाही असं तेव्हा सगळेच म्हणत. तिचा माणूस आजचा, डाव्या बाजूला उभा राहून तोफेसारखा फटका मारणारा. आजोबांनी आणि तिने त्या खेळाडूंची नावं टाकून दिली होती. आजोबांचा तो म्हातारो आणि तिचा तो नवो. मीही तेच लिहिते.

आम्ही मालवणला परत आल्यावर भांडण फोनवर सुरू राहिलं. रविवारी आमची सकाळ, तिची शनिवारची रात्र. आजोबा चहा घेऊन पडवीत बसत आणि मी आतून ऐके.

"आजो, तुझ्या म्हाताऱ्याच्या वेळेक गोलकीपर बारके होते. पायाक पॅड केवडेशे, उशीसारखे."

"आणि तुझ्या नव्याच्या हातात काय आसा? काठी काय ती? माझ्याकडे दी, मी पण मारतंय."

"तू बर्फार उभो तरी रवशीत?"

"शिरा पडो तुझ्या नव्यार."

कॅनडात जन्मलेल्या मुलीला मालवणी आली ती अशी. मी तिला शुद्ध मराठी शिकवायचा पुष्कळ प्रयत्न केला, वह्या पाठवल्या. त्या कोऱ्याच राहिल्या असणार.

मागच्या मोसमात नव्याने म्हाताऱ्याचा एकूण गोलांचा विक्रम मागे टाकला. त्या रविवारी आजोबांनी फोन उचललाच नाही. दुसऱ्या दिवशी तिला लिहून पाठवलं, जास्त फटके मारल्यावर कोणीय करीत. तिथून भांडण रोजचं झालं. बोलणं रविवारी, लिहिणं रोज. आजोबांनी एक वही केली होती. तिच्यात आपल्या त्या ओळखीच्या बारीक अक्षरात मोसम, सामने, गोल असे रकाने. वही ते मला दाखवत नसत. मी त्यात बेरजेच्या चुका काढीन ही भीती.

दिवाळीला आठ दिवस होते. सकाळी दाढी करताना त्यांच्या हातून आरसा पडला. मी स्वयंपाकघरातून विचारलं, "काय फुटलं?" उत्तर आलं नाही. बाहेर येऊन पाहते तर ते भिंतीला टेकून उभे होते, अर्ध्या गालाला साबण, आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहत होते, जणू मीच काहीतरी समजावून सांगायला हवं होतं. कुडाळला नेलं, तिथून गोव्याला. अठरा दिवसांनी घरी आणलं तेव्हा उजवी बाजू गेलेली होती आणि वाचा गेलेली होती. समजतं का, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "समजत असावं." 'असावं' हा शब्द मी मुलांच्या निबंधात नेहमी खोडत आले. त्या दिवशी तो हातात घेऊन घरी आले.

तुमचे बाबा आठ दिवस येऊन गेले. तुम्हा दोघांना ऑफिसच्या कामाला जातो असं सांगून आले होते, आणि आजोचा फोन दुरुस्तीला गेलाय असंही तिला सांगितलं होतं. जाताना म्हणाले, "आई, तिला सध्या कळता कामा नये. महिन्याभरात तिच्या हॉकी संघाची निवड-चाचणी आहे. दोन वर्षं ती त्यासाठी राबतेय. आजोचं कळलं तर ती बर्फावर उतरणारच नाही." मी बरं म्हटलं. मला ते पटलंही होतं. तुमचे बाबा विमानतळावर गेले आणि आजोबांच्या फोनवर तिचा निरोप आला, गप्प कित्याक, हरलंस काय.

मी लिहिलं, ताप आहे, आवाज बसला आहे, बोलता येत नाही, लिहीन. 'बोलता येत नाही' हे तर खरंच होतं.

फोन मी त्यांच्याजवळ नेऊन तिचा निरोप वाचून दाखवला. कुडाळहून वाचेचे उपचार करायला एक मुलगी आठवड्यातून दोनदा येते. तिने सांगितलं होतं, ज्या गोष्टीवर यांना ठाम मत होतं तीच बोला. सुरुवातीचे महिने फार मोलाचे आहेत, नंतर कठीण जातं. तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही राहिलं नाही. मी रोज तिचे निरोप मोठ्याने वाचत असे, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. ते कौलांकडे बघत. मी मुद्दाम चुकीचं बोलू लागले. "नवाच मोठा हो. म्हाताऱ्याच्या वेळी काय, कुणीही गोल करत असे." पन्नास वर्षं या माणसाने माझं एक वाक्य न खोडता जाऊ दिलं नव्हतं. आता मी खाटेशेजारी उभी राहून त्यांनी मला खोडावं म्हणून धडधडीत खोटं बोलत होते, आणि ते डोळे मिटून घेत.

तिकडे तिला उत्तर हवं असे. मग मी वही उघडली. दुपारी ते झोपले की जेवणाच्या टेबलावर बसून मी बर्फावरची हॉकी शिकले, जशी पूर्वी नवीन अभ्यासक्रम आला की शिकत असे. आजोबांच्या बेरजांत दोन चुका होत्या. त्यांच्यासारखं लिहायचं म्हणून मी पूर्णविराम गाळले, मालवणी शब्द घातले, एकदा 'शिरा पडो'सुद्धा लिहिलं. पण मुद्दे त्यांच्या वहीतलेच घालत होते आणि वही संपत आली होती.

आणि ती आजोबांना फक्त हॉकीचं लिहीत नव्हती. एके दिवशी तिने लिहिलं, आजो, माका रात्री झोप नाय, प्रशिक्षकान दोन सामने बसवन ठेवल्यान, बाबाक सांगू नको. मी ते दोनदा वाचलं. मग लिहिलं, प्रयत्न सोडू नको यश येणारच. मी शाळेच्या प्रगतिपुस्तकांवर हेच लिहीत आले. आजोबांनी काय लिहिलं असतं ते मला खरंच ठाऊक नव्हतं. खाटेपाशी जाऊन मी त्यांना विचारलं, अगदी खांद्याला धरून विचारलं, "सांगा ना, काय लिहू?" त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यातून लाळ आली, ती मी पुसली.

आमच्याकडे मासळी घेऊन येते ती माझीच विद्यार्थिनी. सातवीत शाळा सोडली, आता तिलाही नातवंडं आहेत. टोपली पायरीवर ठेवून ती रोज विचारते, "काका कशे आसत, बाई?" त्या दिवशी मी वही समोर घेऊन बसले होते. ही कसली वही म्हणून तिने विचारलं. मी सांगितलं: एक खेळ आहे, जुन्या काळी गोल पुष्कळ होत, आता कमी होतात, अगदी पूर्वी, महायुद्धाच्या वेळी, एकाने पन्नास सामन्यांत पन्नास गोल केले, पण तेव्हा चांगले खेळाडू लढाईवर गेले होते असं म्हणतात. मग कोणाचा मोठेपणा कोणाशी ताडायचा?

ती बांगडे निवडता निवडता म्हणाली, "ह्यात काय आसा? आमचो बापूस रापणीचो पुढारी होतो." रापण म्हणजे सगळ्या वाडीने मिळून किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. "लोक म्हणतत, तेच्यासारखो कोण झालो नाय. तेवा मासो उडी मारून जाळ्यात येय. आता माझो झील मशीनची होडी घेवन जाता आणि अर्धी टोपली हाडता. मासो किती गावलो ता इचारू नको. त्या दिसाक बाकीच्यांका किती गावलो ता इचार. बाकीचे रिकामे इले आणि झील अर्धी टोपली घेवन इलो, तर झील मोठो."

"बरोबर बोललीस, मुलगाच मोठा," मी म्हटलं.

"बरोबर आसा. पण घरात बोलूचा नसता. बापाशीचो फोटो आसा थंय."

तिचा पहिला भाग मी उचलला. दुसऱ्याकडे लक्ष दिलं नाही. मला बोर्डाच्या उत्तरपत्रिका आठवल्या. मी मॉडरेटर होते तेव्हा हेच करत असू: एखाद्या वर्षी पेपर सोपा निघाला तर त्या वर्षीचा नव्वद आणि अवघड वर्षीचा नव्वद सारखा धरत नसू. माझ्या मॅट्रिकच्या वेळी फर्स्ट क्लास मिळाला की गावात पेढे वाटत. आता पंच्याण्णव मिळालेल्या मुली रडतात. म्हणून मी प्रत्येक मोसमात एका सामन्याला सरासरी किती गोल होत ते शोधलं आणि प्रत्येकाचे गोल त्याच्याशी ताडले. म्हाताऱ्याच्या काळी गोलांचा पूर होता. मधल्या काळात तो आटला होता, आणि नवा नेमका त्या आटलेल्या काळात मैदानात आला होता. तीन दुपारी मी ते गणित केलं आणि तिन्ही वेळा नवा पुढे आला. फार नाही, पण पुढे.

गणित सुटल्याचा मला आनंद झाला, हे लिहायला लाज वाटते. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा एखाद्या गोष्टीचं उत्तर आलं होतं. मी आजोबांच्या फोनवर लिहिलं, सगळा हिशोब नीट करून पाहिला. तुझं म्हणणं बरोबर आहे. गोल करण्यात नवा मोठा.

दोन मिनिटांत फोन वाजला. तिचा चेहरा पडद्यावर आला, केस ओले, मागे कपाटाचं दार उघडं. मला पाहून तिने केस पुसायचं थांबवलं. मग हळू आवाजात म्हणाली, "आजो खंय आसा?"

"झोपलेत. ताप..."

"आजो असा लिवचो नाय. मेलो तरी लिवचो नाय. आजी, आजो जितो आसा मां?"

मी "आहे" म्हटलं आणि फोन खोलीत नेला. तिने पाहिलं. तोंडाची ओढलेली बाजू पाहिली, पांघरुणावर कुणीतरी ठेवून दिल्यासारखा पडलेला उजवा हात पाहिला. मग म्हणाली, "किती दिवस?"

मी खरा आकडा सांगितला. त्यातले सत्तावीस दिवस लिहिणारी मी होते, तेही सांगितलं.

"माका झोप येणा नाय म्हणान लिवलेलंय, ता तू वाचलंस?"

"हो."

"यश येणारच, ता तू लिवलंस."

"हो."

"आणि मी ता आजोचा म्हणान भिंतीर लावलंय." तिने फोन बंद केला.

त्यानंतर अकरा दिवस तिचा फोन आला नाही, निरोप नाही. तुमच्या बाबांचा आला. ते कुणावर रागवावं या गोंधळात होते, बहुतेक स्वतःवर. चाचणी झाली का, असं मी विचारलं नाही. वाचेची मुलगी येऊन गेली आणि दारात चपला घालताना म्हणाली, "आजी, तुम्हीसुद्धा जरा झोपत जा." प्रगतीविषयी काही बोलली नाही. मी नव्या-म्हाताऱ्याचं बोलणं सोडून दिलं. तिच्याशिवाय ते नुसतं पाठांतर वाटे. खोलीत फक्त पंख्याचा आवाज. मला वाटू लागलं की या माणसाला जगाशी बांधणारी एकच दोरी उरली होती आणि ती मी, नीटनेटकेपणाने, पूर्णविरामासकट, कापली.

बाराव्या दिवशी, रविवार नव्हता, सकाळी साडेसहाला फोन आला.

"आजी, फोन आजोच्या समोर धर. उशी लावन बसव तेका."

मी बसवलं. तिने कसा आहेस वगैरे विचारलं नाही.

"आयक आजो. तुका बोलूक येणा नाय, तर तुझी बाजू मी मांडतलंय. माझी बाजू आजी मांडतली, तिका नवोच मोठो वाटता ना. तू पंच. आजी, सुरू कर."

मी म्हटलं, "अगं, असं कसं..."

"सुरू कर मां. गणित येता ना तुका?"

मग खाटेच्या कडेवर बसून, डाव्या हातात फोन आणि मांडीवर वही घेऊन, मी माझ्या नवऱ्यासमोर त्याच्या विरुद्ध बाजूने बोलू लागले. मी सरासरीचं सांगितलं, बोर्डाचं उदाहरणही दिलं. ती मध्येच तुटून पडली.

"गोल सोपे होते तर बाकीच्यांनी कित्याक नाय मारल्यानी?"

"बाकीच्यांशीच तर मी ताडून पाहिलं."

"म्हाताऱ्यान दुसऱ्यांका किती गोल करूक दिल्यान, ता धरलंस? चकती सोडूची म्हणजे काय सोपा आसा? तुझो नवो एका जाग्यार उभो रवता, म्हशीसारखो."

"विषय गोल करण्याचा आहे. विषयाला धरून बोल."

"शाळा नाय ही, आजी."

तिचा प्रत्येक मुद्दा आजोबांचा होता, शब्दही त्यांचेच. नऊ वर्षं तिने ते विरोधात बसून ऐकले होते, ते असे पाठ असतील याची मला कल्पना नव्हती. तिचा आवाज मधून मधून चिरत होता, पण ती थांबत नव्हती. मीही थांबले नाही. खरं सांगायचं तर मी चिडले. तिने बोर्डाच्या मॉडरेशनला 'फसवणूक' म्हटलं तेव्हा माझा आवाज चढला. चाळीस मिनिटं झाली असतील. मी अधूनमधून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. तिथे काही नव्हतं. डोळे पडद्यावर होते, पण डोळे कौलांवरही तसेच असत.

मी म्हटलं, "शेवटी एकूण गोल नव्याचे जास्त आहेत, हे तरी मान्य कर."

त्यांचा डावा हात पांघरुणावरून उचलला गेला. तो आला आणि माझ्या हातातल्या फोनवर आपटला. फोन लादीवर पडला, पालथा. मी घाबरून त्यांच्याकडे पाहिलं. ते दमून उशीवर एका बाजूला कलले होते, श्वास जोरात चालला होता. त्यांना आराम हवा होता, की त्रास होत होता, की हात आपोआप हलला, ते मला सांगता येत नाही. डॉक्टरांना नंतर विचारलं तर त्यांनीही तो माझा नावडता शब्दच वापरला.

जमिनीवरून तिचा आवाज येत होता. "काय झाला? आजी, काय झाला?"

मी फोन उचलला. काचेला कोपऱ्यात तडा गेला होता. "त्यांनी फोन उडवला," मी म्हटलं. "बहुतेक थकलेत. आता पुरे."

"उडवल्यान?"

"हो. हाताने."

ती पडद्याच्या अगदी जवळ आली. मग म्हणाली, "रागावलो. चलात. रागावलो म्हणजे थंय आसा तो." आणि तोंड कॅमेऱ्यापासून वळवून तिने नाक पुसलं. "आजी, तू चुकीचा बोललंस म्हणान रागावलो. परत बोल."

"त्यांना त्रास झाला तर?"

"मग काय करूया? गप्प बसूया?"

वाचेच्या मुलीने सांगितलेल्या महिन्यांपैकी किती उरलेत, ते मी मोजायचं टाळते. पंख्याखाली त्यांच्या श्वासाचा आवाज हळूहळू खाली आला. मी त्यांचं डोकं सरळ केलं, उशी वर ओढली आणि फोन पुन्हा त्यांच्यासमोर धरला, या वेळी त्यांच्या डाव्या हाताच्या टप्प्यात. मग म्हटलं, "एकूण गोल नव्याचेच जास्त आहेत."